आश्रय मागणाऱ्याचा धर्म

घरदार सोडून पळालेला माणूस परक्या दाराशी येऊन उभा राहतो, तेव्हा घरमालकापुढे प्रश्न एकच असतो: याला आत घ्यावे की नाही? गेल्या काही वर्षांत अनेक सरकारांनी या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न ठेवला आहे: याचा धर्म कोणता?

२०१५ मध्ये सीरियातील युद्धामुळे लाखो माणसे युरोपच्या दिशेने निघाली. त्या वेळी स्लोव्हाकियाच्या सरकारने आपण दोनशे सीरियन निर्वासित घेऊ, पण ते ख्रिस्ती असावेत, अशी भूमिका घेतली. आमच्या देशात मशिदी नाहीत, मुसलमानांना येथे आपलेसे वाटणार नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. २७ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना ९० दिवसांची प्रवेशबंदी केली. सर्व निर्वासितांचा प्रवेश १२० दिवसांसाठी आणि सीरियन निर्वासितांचा अनिश्चित काळासाठी थांबवला. पुढे प्रवेश सुरू होईल तेव्हा आपापल्या देशात अल्पसंख्य असलेल्या छळग्रस्तांना प्राधान्य द्यावे, असेही त्या आदेशात होते. न्यायालयीन लढाईत आदेशाची रूपे बदलली आणि २६ जून २०१८ रोजी त्याचे तिसरे रूप तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवले. आपल्या देशात डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाचा जवळचा मार्ग त्या दुरुस्तीने खुला केला. त्या यादीत मुसलमान नाहीत.

आपल्या घरांत आणि मशिदीच्या अंगणात हा विषय निघतो तो बहुधा तक्रारीच्या स्वरात. ती तक्रार निराधार नाही. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, त्या तक्रारीच्या पुढे जाऊन आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. धर्म पाहून आश्रय देणे अन्यायाचे आहे असे आपण म्हणतो, ते त्यात आपले लोक वगळले जातात म्हणून, की ती कृतीच मुळात अन्यायाची आहे म्हणून? पहिले उत्तर असेल, तर ते आपल्या हिताचे बोलणे झाले. हिताचे बोलणे निषिद्ध नाही, पण त्याला न्यायाची साक्ष म्हणता येत नाही. दुसरे उत्तर असेल, तर त्याची किंमत आपल्यालाही मोजावी लागेल. कारण मग आपले लोक घरमालक असतील आणि दाराशी दुसऱ्या धर्माचा माणूस उभा असेल, तेव्हाही आपल्याला हेच म्हणावे लागेल.

सरकारांचे म्हणणे

प्रथम सरकारांचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकून घेऊ. राज्याला सीमा असते, साधने मर्यादित असतात. येणारा कोण आहे, कोठून आला, त्याच्यापासून धोका आहे काय, याची चौकशी करण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला आहे. त्याबद्दल वाद नाही.

खरा युक्तिवाद निराळा आहे. काही समूहांचा छळ त्यांच्या धर्मामुळेच होतो आणि त्यांना जाण्यास दुसरी जागा नसते; मग त्यांना आधी घेतले तर बिघडले कोठे? हा युक्तिवाद हलका नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकमधील सिंजार परिसरात यझिदी लोकांवर दाइशने केलेले अत्याचार आठवा. पुरुषांची कत्तल झाली, स्त्रिया आणि मुली गुलाम म्हणून विकल्या गेल्या, आणि हे सारे आपल्या पवित्र दीनचे नाव घेऊन करण्यात आले. पुढे जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने त्या कैदेतून सुटलेल्या सुमारे हजार स्त्रिया-मुलांना उपचार आणि आश्रय दिला. त्यात जवळजवळ सर्व यझिदी होते. त्यावर कोणी मुसलमान असे म्हणेल काय, की हा आमच्यावर अन्याय झाला? नाही. कारण तेथे निवड झाली ती भोगलेल्या यातना पाहून. यातना यझिदींच्या वाट्याला आल्या होत्या, म्हणून आश्रयही त्यांच्या वाट्याला आला.

येथेच या संपूर्ण वादाची किल्ली आहे. धर्म हा छळाचा पुरावा असू शकतो. तो आश्रयाची अट होऊ शकत नाही. निर्वासिताला ‘तुझा धर्म कोणता’ असे विचारणारा अधिकारी दोन वेगळ्या हेतूंनी विचारू शकतो. एक हेतू असा की, तुला भीती कशाची आहे हे मला समजावे. दुसरा हेतू असा की, तू आमच्यापैकी आहेस काय हे मला कळावे. शब्द तेच असले तरी पहिला प्रश्न न्यायाधीशाचा आहे, दुसरा पंक्तीला पान मांडणाऱ्याचा. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारातही हा भेद स्पष्ट आहे. त्यात धर्माचा उल्लेख निर्वासिताच्या व्याख्येत येतो, छळाच्या पाच कारणांपैकी एक म्हणून. आणि पुन्हा तिसऱ्या कलमात येतो, जेथे वंश, धर्म किंवा मूळ देश यांवरून निर्वासितांमध्ये भेदभाव करण्यास मनाई आहे. ज्याने छळ झाला तो धर्म जाणून घ्या, पण त्यावरून दार उघडू किंवा बंद करू नका, असे या दोन तरतुदी मिळून सांगतात.

दिव्य कुरआनची कसोटी

आता आपल्या मूळ स्रोतांकडे वळू. सूरह तौबाच्या प्रारंभी अरबस्तानातील करारभंग करणाऱ्या मुश्रिकांविरुद्ध युद्धाची घोषणा आहे. इस्लामचे टीकाकार सर्वाधिक वेळा हीच सूरह पुढे करतात. पण त्याच घोषणेच्या ऐन मध्यावर सहावी आयत येते. तिचा आशय असा, की मुश्रिकांपैकी कोणी तुमच्याकडे आश्रय मागितला तर त्याला आश्रय द्या, त्याला अल्लाहची वाणी ऐकू द्या, आणि नंतर त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवा. हा माणूस शत्रुपक्षाचा आहे, त्याची श्रद्धा इस्लामच्या अगदी विरुद्ध आहे, आणि युद्ध चालू आहे. तरीही त्याने ईमान आणावे अशी अट आयतीत घातलेली नाही. वाणी ऐकून तो मानणार नाही, तरी त्याला सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी उरतेच. इमाम इब्न कसीर यांनी आपल्या तफसीरमध्ये ही आयत केवळ धर्म समजून घेण्यास आलेल्यापुरती ठेवली नाही. दूत म्हणून, व्यापारासाठी, तहाची बोलणी करण्यासाठी आलेल्यालाही त्यांनी तिच्या कक्षेत घेतले आहे.

दुसरी आयत सूरह हजची चाळिसावी. ज्यांना केवळ ‘आमचा पालनकर्ता अल्लाह आहे’ असे म्हटल्याबद्दल अन्यायाने घरांतून हाकलले गेले, त्यांच्याविषयी ती आहे. म्हणजे ती मक्केच्या निर्वासितांची आयत आहे. आता तिचा पुढचा भाग पाहा. अल्लाहने काही लोकांच्या हातून इतरांना रोखले नसते, तर कोणकोणती उपासनास्थळे उद्ध्वस्त झाली असती, हे तेथे सांगितले आहे. त्या यादीत जोगी-संन्याशांचे मठ, ख्रिस्त्यांची चर्च आणि ज्यूंची प्रार्थनास्थळे आधी येतात. मशिदी शेवटी येतात. मुसलमान निर्वासितांच्या दुःखाला वाचा फोडणाऱ्या आयतीतच इतर धर्मीयांच्या सुरक्षिततेची चिंता गुंफलेली आहे. आपले दुःख सांगताना दुसऱ्याचे विसरू नये, हे शिक्षण त्यातून मिळते.

तिसरी आयत सूरह माइदाची आठवी. एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला इतके भरकटवू नये की तुम्ही न्याय सोडाल, असा तिचा आदेश आहे. ती जशी दुसऱ्यांना ऐकवण्याजोगी आहे, तशीच आपणही ऐकण्याजोगी आहे.

परक्याच्या दाराशी प्रेषित (सल्ल.)

ज्या समाजाने स्वतः कधी आश्रय मागितला नाही, त्याला आश्रय मागण्याची वेदना सांगून कळत नाही. आपल्या उम्मतला ते निमित्त उरलेले नाही. इसवी सन ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून मुसलमानांचा पहिला जथा तांबडा समुद्र ओलांडून हबशाला गेला. तेथील राजा नज्जाशी ख्रिस्ती होता. कुरैशने अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना नजराणे देऊन त्याच्याकडे पाठवले आणि ही माणसे आमच्या हवाली करा, अशी मागणी केली. दरबारी मंडळी नजराण्यांनी वळली होती. राजा म्हणाला की, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मी कोणालाही परत देणार नाही. हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी आपल्यावरील जुलमाची हकिकत सांगितली, आपल्या श्रद्धेचे स्पष्टीकरण केले. राजाने त्यांना धर्माविषयी विचारले खरे, पण ते यांचा अपराध काय हे समजण्यासाठी. मग त्याने नजराणे परत केले आणि मुसलमानांना राहू दिले. पुढे नज्जाशीच्या निधनाची वार्ता मदीनेत आली, तेव्हा प्रेषित (सल्ल.) यांनी सहाबांना घेऊन त्याची नमाज-ए-जनाजा अदा केली.

नज्जाशीची कथा आपल्या मुलांना ठाऊक असते. मुतइम बिन अदीची मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ताइफच्या लोकांनी दगड मारून परतवल्यानंतर प्रेषित (सल्ल.) मक्केच्या वेशीवर आले, तेव्हा स्वतःच्या जन्मगावात पाऊल टाकणे त्यांना कोणाच्या संरक्षणाशिवाय शक्य नव्हते. त्यांनी निरोप पाठवला. दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने होकार दिला. तो मुतइम. तो आपल्या मुलांसह शस्त्रे घेऊन काबागृहाजवळ उभा राहिला आणि त्याने जाहीर केले की मुहम्मद (सल्ल.) माझ्या आश्रयात आहेत. मुतइमने इस्लाम स्वीकारला नव्हता. तो अखेरपर्यंत आपल्या वडिलोपार्जित धर्मावरच राहिला. बद्रच्या युद्धानंतर मुश्रिकांचे कैदी समोर असताना प्रेषित (सल्ल.) यांना त्याची आठवण झाली. आज मुतइम हयात असता आणि त्याने या कैद्यांसाठी शब्द टाकला असता, तर मी त्याच्याखातर यांना सोडून दिले असते, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सहीह बुखारीत नोंदलेले आहेत. मूर्तिपूजकाने दिलेल्या आश्रयाचे ऋण अल्लाहच्या प्रेषितांनी त्याच्या मृत्यूनंतरही मानले.

मग सत्ता हाती आल्यावर काय झाले? मक्का जिंकली त्या दिवशी उम्मे हानी (रजि.) यांनी आपल्या सासरच्या मुश्रिक नातलगाला घरात आश्रय दिला. त्यांचे सख्खे बंधू हजरत अली (रजि.) यांचा त्याला मारण्याचा इरादा होता. उम्मे हानी (रजि.) थेट प्रेषितांकडे गेल्या. तुम्ही ज्याला आश्रय दिला त्याला आम्हीही आश्रय दिला, असा निर्णय त्यांना मिळाला. इस्लामचा कट्टर वैरी सफवान बिन उमय्या याने विचार करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मागितली. प्रेषितांनी चार महिन्यांची दिली. आश्रयाच्या बदल्यात कलमा मागितला गेला नाही.

काही अवघड प्रश्न

प्रामाणिकपणे लिहायचे तर येथे थांबून चालणार नाही. चिकित्सक वाचक विचारील, की हुदैबियाच्या तहानंतर सूरह मुम्तहिनाच्या दहाव्या आयतीत मक्केहून आलेल्या स्त्रियांची परीक्षा घेण्याचा आदेश आहे. त्या ईमानवाल्या असल्याचे दिसले तर त्यांना परत पाठवू नये, असे म्हटले आहे. मग तेथे धर्म पाहिला गेला की नाही?

पाहिला गेला. पण कशासाठी, ते पाहा. त्या स्त्रियांना मक्केत परत पाठवले असते तर त्यांच्या श्रद्धेमुळेच त्यांचा छळ झाला असता. श्रद्धा हाच त्यांच्या भीतीचा पुरावा होता. त्या चौकशीतून एवढेच सिद्ध करायचे होते की, येणारी स्त्री खरोखर दीनसाठी आली आहे, घरगुती भांडणातून किंवा अन्य हेतूने नव्हे. शिवाय त्यांच्या पतींनी दिलेली महर परत करण्याचा आदेशही त्याच आयतीत आहे. म्हणजे शत्रुपक्षाचा हक्कही बुडवलेला नाही. चौकशी हा राज्याचा अधिकार आहे, याला ही आयत उलट दुजोराच देते.

त्याच तहाच्या वेळी हजरत अबू जंदल (रजि.) बेड्या ओढत मुसलमानांच्या तळावर पोहोचले होते. ते मुसलमान होते, जखमी होते, मदत मागत होते. तरीही कराराचा शब्द पाळण्यासाठी त्यांना परत करावे लागले. सहाबांचे काळीज फाटले. या प्रसंगाचे स्पष्टीकरण आपण अनेक वेळा ऐकतो. मी त्यातील एकच बाजू येथे ठेवतो. स्वधर्मीय असणे एवढ्यावर तेव्हाही निर्णय झाला नाही. करार, वचन आणि परिणाम यांचा विचार झाला. राज्य चालवणाऱ्याला अशा कठीण निवडी कराव्या लागतात, हे आपण मान्य केले पाहिजे. हेच दुसऱ्या देशांच्या राज्यकर्त्यांनाही लागू आहे.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो: मक्केच्या हरममध्ये इतर धर्मीयांना प्रवेश नाही, मग मुसलमानांनी दुसऱ्यांच्या सीमांवर का बोलावे? हरम हे उपासनेचे क्षेत्र आहे. तेथे कोणी राष्ट्राचे नागरिकत्व मागण्यास जात नाही, आणि या नियमाच्या तपशिलाबाबत आपल्या फिक्हच्या इमामांमध्येही मतभेद राहिले आहेत. उपासनास्थळाची शिस्त आणि जीव वाचवण्यासाठी आलेल्याचा हक्क या दोन बाबी एका तराजूत घालता येत नाहीत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हनफी फिक्हच्या ‘हिदाया’ या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथात ‘मुस्तअमिन’ म्हणजे अभय घेऊन आलेल्या परधर्मीय परदेशी माणसाचे नियम आहेत. तो वर्षभर राहिला तर त्याच्यावर जिझिया लागू होतो, तो ‘जिम्मी’ होतो आणि मग त्याला त्याच्या देशात परत पाठवता येत नाही. मध्ययुगीन जगात परधर्मीयाला केवळ वास्तव्याच्या आधारे कायमचे संरक्षण देणारा हा नियम होता, हे खरे. परंतु ते संरक्षण समान नागरिकत्व नव्हते, हेही तितकेच खरे. आज आपण समान नागरिकत्वाच्या संविधानाखाली राहतो, त्याचा आधार घेतो, त्याच्या कलम १४ चा हवाला देतो. तेव्हा जुन्या नियमांतील अभयाची मूलभूत प्रेरणा जतन करणे आणि आजचा समानतेचा करार मनापासून पाळणे, हे दोन्ही आपले कर्तव्य ठरते.

आपल्या किनाऱ्याची साक्ष

या प्रश्नाला आपल्या भूमीचीही एक साक्ष आहे. दहाव्या शतकाच्या प्रारंभी अरब प्रवासी अल-मसऊदी कोकणच्या किनाऱ्यावर आला. त्याने ‘सैमूर’ म्हटलेल्या बंदरात, म्हणजे आजच्या चौलमध्ये, सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे नोंदवले आहे. त्यांचे तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यापैकीच एक प्रमुख राजाच्या संमतीने नेमलेला असे. राजा शिलाहार घराण्यातील झंझ, आणि त्याच्यावर राष्ट्रकूटांची सत्ता. दोघेही मुसलमान नव्हते. कोकणी मुसलमानांच्या काही कुळांत अशी परंपरा सांगितली जाते की, हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येथे आले. म्हणजे एका मुसलमान सुभेदाराच्या अत्याचारातून पळालेल्या मुसलमानांना हिंदू राजांच्या बंदरांनी जागा दिली, ही आपल्याच घरात जपलेली आठवण आहे. त्याच किनाऱ्यावर अलिबागजवळील नवगावच्या बेने इस्राएल लोकांचीही तशीच परंपरा आहे. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या या ज्यू कुटुंबांनी तेलघाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवले, आणि गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. त्यांचा वेगळेपणा गावाने नावात नोंदवला, पण त्यासाठी त्यांना हाकलले नाही.

आणखी जवळच्या काळात या. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक १९४२ मध्ये इराणमध्ये उतरले. ते कॅथलिक होते, इराण मुस्लिम. त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांश स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, त्यांचे चर्च होते. कोल्हापुरात पोलिश कॅथलिकांची वस्ती नाही, म्हणून त्यांना येथे आपलेसे वाटणार नाही, असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. पुढे १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावण्यांना उल्हासनगर हे नाव मिळाले, तेव्हा तेथे सिंधमधून घरे गमावून आलेली हिंदू कुटुंबे राहत होती. त्यांची घरे ज्या देशात राहिली, तो देश मुसलमानांसाठी म्हणून निर्माण झाला होता. कल्याण-उल्हासनगरच्या मुसलमान वाचकाने आपल्या सिंधी शेजाऱ्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

एकच माप

आता २०१९ च्या दुरुस्तीविषयी दोन गोष्टी सांगतो, आणि दोन्ही एकत्र वाचाव्यात अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट: पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून आलेल्या छळग्रस्त हिंदू, शीख किंवा ख्रिस्ती माणसाला भारतात नागरिकत्व मिळत असेल, तर त्याचे आपण स्वागत केले पाहिजे. सिंधमधील हिंदू मुलींच्या सक्तीच्या धर्मांतराच्या तक्रारी तेथील मानवाधिकार आयोगाने वर्षानुवर्षे मांडल्या आहेत. धर्मात जबरदस्ती नाही हा कुरआनचा आदेश असताना हे घडते, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे. आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर स्त्रीला ईशनिंदेच्या आरोपावरून २०१० मध्ये पाकिस्तानात फाशीची शिक्षा झाली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले, तरी तिला त्या देशात राहता आले नाही. ती कॅनडाला गेली. अशा माणसांना दार उघडणाऱ्यावर आपण रागावू शकत नाही.

दुसरी गोष्ट: त्या कायद्यातील उणीव ही आहे की, त्याने छळाची कसोटी लावण्याऐवजी धर्माची यादी लावली. विधेयकाच्या उद्देशांत धार्मिक छळाचा उल्लेख आहे, पण प्रत्यक्ष तरतुदीत अर्जदाराचा छळ झाला की नाही हे तपासण्याची अट नाही. धर्म, देश आणि तारीख पाहिली जाते. त्यामुळे अफगाणिस्तानातील हजारा शिया यादीबाहेर राहतो. म्यानमारमधून आलेला रोहिंग्या आणि श्रीलंकेतून आलेला तमिळ हिंदू यांचे देशच यादीत नाहीत. आणि पाकिस्तानातील अहमदीही बाहेर राहतो. अहमदियांच्या श्रद्धेविषयी उलमांचा निर्णय सर्वांना ठाऊक आहे आणि तो बदलण्याचा येथे प्रश्न नाही. प्रश्न इतकाच आहे की, ज्याच्या श्रद्धेला आपण चूक मानतो त्याच्या जिवाला धोका असेल, तर त्याला आश्रय मिळावा असे आपण म्हणू काय? सूरह तौबाची सहावी आयत मुश्रिकाविषयीही होय म्हणते. मग येथे नाही म्हणण्याचा आधार आपण कोठून आणणार? आपल्या बोलण्याची खरी परीक्षा रोहिंग्यांविषयी होत नाही. ती या ठिकाणी होते.

सरकारच्या बाजूने असे म्हटले जाते की, मुसलमानांना जाण्यासाठी अनेक मुस्लिम देश आहेत. वस्तुस्थिती पाहा. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले आणि त्या गरीब देशाने त्यांना जागा दिली, हे त्याचे मोठेपण. पण २०१५ मध्ये त्यांच्या होड्या मलेशिया आणि इंडोनेशियाच्या नौदलांनी परत समुद्रात ढकलल्या. माणसे वाचवली ती आचेच्या कोळ्यांनी. त्याच आचेत डिसेंबर २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या जमावाने रोहिंग्यांना त्यांच्या निवाऱ्यातून हुसकावले. पाकिस्तानने दशकानुदशके लाखो अफगाणांना सांभाळले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कागदपत्रे नसलेल्यांना महिनाभरात देश सोडण्यास सांगितले. घालवणारेही मुसलमान, जाणारेही मुसलमान. समान धर्म आश्रयाची हमी देत नाही, हे यावरून दिसते. म्हणूनच धर्म ही आश्रयाची कसोटी म्हणून टिकत नाही.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील प्रवेशबंदीविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांमध्ये मूळची ज्यू निर्वासितांसाठी स्थापन झालेली एक जुनी संस्था होती. तिच्या लोकांनी सीरियन आणि सोमाली मुसलमानांसाठी लढा दिला. आपले पूर्वज बंद दारांपुढे उभे होते, ही आठवण त्यांनी वैरासाठी वापरली नाही. आपल्या संघटनांच्या ठरावांत पाकिस्तानातील हिंदूंसाठी किंवा इराकमधील यझिदींसाठी किती ओळी असतात, हे आपण तपासून पाहावे.

मग आपण काय करावे?

कायद्याविषयीचे मत न्यायालयात, निवेदनांतून आणि मतपेटीतून मांडण्याचा आपला हक्क आहे. तो शांतपणे आणि ठामपणे वापरावा. पण ते मांडताना ‘आम्हालाही यादीत घ्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘यादीऐवजी छळाची कसोटी लावा’ असे म्हणावे. पहिल्या मागणीत आपण एक गट म्हणून बोलतो. दुसऱ्या मागणीत श्रीलंकेचा तमिळ, सिंधचा हिंदू आणि अराकानचा रोहिंग्या सारेच सामावतात.

घरात मुलांना हबशाची कथा सांगाल तेव्हा मुतइमचीही सांगा. आपल्या प्रेषितांना एका मूर्तिपूजकाने आश्रय दिला होता आणि त्यांनी तो उपकार जन्मभर स्मरला, हे ऐकलेले मूल वर्गातील वेगळ्या धर्माच्या मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहील. गावात कामासाठी किंवा संकटात आलेले परप्रांतीय, परदेशी कुटुंब असेल, तर ‘कोणाचे आहेत’ हे विचारण्याआधी ‘जेवलात काय’ हे विचारा. जकातीच्या आठ खर्चांत ‘इब्नुस्सबील’ म्हणजे वाटेत अडकलेल्या प्रवाशाचा वाटा आहे, आणि ऐच्छिक सदका तर कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. मशिदींच्या समित्यांनी वर्षातून एकदा तरी आपल्या सदक्यातून असा खर्च काढावा, ही माझी सूचना आहे.

सूरह हश्रच्या नवव्या आयतीत अन्सारांची प्रशंसा आहे: स्वतःची निकड असतानाही त्यांनी आलेल्यांना आपल्यापेक्षा वरचढ मानले. आपण मुहाजिरांच्या दुःखावर पुष्कळ बोलतो. अन्सार होण्याची पाळी आली, तर दाराशी उभा राहणारा माणूस आपल्याच नावाचा आणि आपल्याच कलम्याचा असेल, याची कोणीही हमी दिलेली नाही. त्या वेळी प्रश्न एकच विचारावा लागेल, आणि तो धर्माचा नसेल.

अल्लाह आपल्याला आपल्या बाजूने आणि आपल्या विरुद्धही न्यायाची साक्ष देण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.